जानेवारीतली शिट्टी

आधी माझा मूर्खपणा सांगून टाकते, ओळख मागाहून करून देते. त्या शनिवारी सकाळी इंगानं मला गळ्यात न घालता कोटाच्या बाहेरच्या खिशात टाकलं, तेव्हा मला चक्क बढती मिळाल्यासारखं वाटलं. एरवी माझी जागा स्वेटरच्या आत, अंधारात. त्या दिवशी मात्र खिशाच्या तोंडातून आभाळ दिसत होतं, बर्फानं भरलेली शेतं दिसत होती, सोबतीला सूर्यफुलाच्या खारवलेल्या बिया होत्या. म्हटलं, या वयात का होईना, कुणीतरी आपल्याला खिडकीची जागा दिली. त्या खिडकीपायी एक जीव जाता जाता राहिला.

मी शिट्टी. पितळेची, कुत्र्यांना हाक मारायची. वय चाळिशीच्या पुढे, नक्की किती ते विचारू नका. अंगावर एक पोचा आहे, आणि पोटात बुचाचा एक वाटाणा. कुणी फुंकलं की तो वाटाणा गरागरा फिरतो आणि मग मी जे बोलते ते पार तळ्यापलीकडे ऐकू जातं. तो फिरला नाही तर मी नुसती नळी. म्हणजे कर्तृत्व सगळं वाटाण्याचं, मिरवते मात्र मी.

माझ्याबरोबर जन्मलेल्या बहिणी कुणी पोलिसाकडे गेल्या, कुणी शाळेच्या मैदानावर. मी आले दक्षिण डकोटात, एका गावच्या लोखंडी सामानाच्या दुकानात, काचेच्या कपाटात, मासे धरायच्या गळांशेजारी. तिथून मला अर्विडनं उचललं. त्यानं दुकानातच फुंकून बघितलं. सगळं दुकान दचकून वळलं. अर्विड म्हणाला, "ही चालेल," आणि घेऊन निघाला. त्या दिवसातलं त्याचं तेवढंच बोलणं असावं. शिट्टीतून तो जितकं बोलला तितकं माझ्याशी कधी बोलला नाही, असं त्याची बायको म्हणायची. बिचारी गेली आता.

मला दोनच शब्द येतात. एक लांबलचक सूर काढला की त्याचा अर्थ, थांब, बस तिथंच. आणि तुटक तुटक, छोटे छोटे सूर काढले की अर्थ, ये माझ्याकडे. बस. एवढ्या भांडवलावर मी संसार केला. पण हे दोन शब्द नीट लक्षात ठेवा. लांब म्हणजे थांब. तुटक म्हणजे ये.

आमच्याकडची शिकार फेजंटची. कोंबड्याएवढा पक्षी, लांब शेपटीचा. नराचं अंग तांब्याचं, मान मोरासारखी, गळ्यात पांढरी कंठी. मादी आपली वाळल्या गवताच्या रंगाची. मारायचा तो नर. मादीवर बंदूक धरायची नाही, कायदाच आहे. ऑक्टोबरात हंगाम उघडतो तेव्हा बाहेरगावचे लोक नव्या कोऱ्या केशरी टोप्या घालून येतात, आरडाओरडा करतात, कुत्र्यांवर खेकसतात, आणि तरी त्यांना पक्षी मिळतात, कारण तेव्हाचे पक्षी भोळे. जानेवारीपर्यंत भोळे सगळे कुणाकुणाच्या पातेल्यात गेलेले असतात. उरतात ते बेरके. गाडीचं दार आपटलं तरी ते शेताच्या दुसऱ्या टोकानं निघून जातात. त्यातून सरकारी रान असेल तर विचारूच नका. सरकारी रान सगळ्यांचं, म्हणजे सगळ्यांनी आधीच तुडवलेलं.

म्हणून जानेवारीत आमची माणसं चोरासारखी वागतात. दार कमरेनं हलकेच दाबून लावायचं. कुत्र्याच्या गळ्यातली घंटी काढायची. बोलायचं नाही, हातानं खुणा करायच्या. आणि शिट्टी तर अजिबात वाजवायची नाही. वर्षातला हा महिना मी मुक्यानं काढते. घरातल्या बऱ्याच जणांना माझा हाच महिना आवडतो.

अर्विडची एक कुत्री होती, टुली. काळी, रुंद छातीची, शहाणी. माझा शब्द तिनं कधी खाली पडू दिला नाही, आणि तोच तिच्या मुळावर आला. हाल्वरसनच्या तळ्यावरची गोष्ट. थंडी नुकती लागलेली, तळ्यावर बर्फाची साय धरलेली. टुली पक्ष्यामागे काठाकाठानं वळसा घालून पलीकडे गेली. अर्विड अलीकडे उभा. त्यानं मला तोंडात धरलं आणि तुटक तुटक वाजवलं. ये. टुली वळली, आणि ज्या वाटेनं गेली होती त्या वाटेनं न येता सरळ त्याच्याकडे निघाली. सरळ म्हणजे मधून. हाक आली की कुत्रं सरळच येतं, त्याला वळसा कुठून सुचणार? मधोमध बर्फ फुटला. अर्विड वाजवत राहिला, मी ओरडत राहिले, आणि टुली आमच्याकडेच पोहत, बर्फावर पंजे मारत राहिली, जोवर पंजे दिसत होते तोवर.

त्यानंतर अर्विडनं कुत्रं पाळलं नाही. मला त्यानं गॅरेजमधल्या कॉफीच्या डब्यात टाकलं, खिळे आणि नटबोल्टांत. किती वर्षं गेली सांगता येत नाही. डब्यात दिवस रात्र सारखंच. शेजारचा एक गंजका बिजागर माझ्याशी बोलायचा प्रयत्न करायचा, पण त्याचं सगळं बोलणं कुरकुरीचं. मी आपली गप्प पडून राहायचे. खरं सांगायचं तर मला बरंच वाटत होतं. आपला आवाज कुणाला कुठे ओढून नेतो हे एकदा कळलं की गप्प बसणं जड जात नाही.

मग इंगानं कुत्री आणली.

इंगा अर्विडची मुलगी. माझ्याच वयाची म्हणा. शाळेची बस चालवते, आणि ज्या आवाजानं मागच्या बाकावरची पोरं गप्प करते तो आवाज घरातल्या कुत्रीवर काडीचाही चालत नाही. कुत्री पांढरी, अंगावर तपकिरी डाग. आमच्याकडे नाताळात बटाट्याची पातळ पोळी करतात, तव्यावरचे असेच डाग पडलेली, तिला लेफ्से म्हणतात. तिच्यावरून हिचं नाव लेफ्सा.

"मला कुत्रं नको," अर्विड म्हणाला होता.

"तुमच्यासाठी नाही आणलं, बाबा. माझं आहे."

"मग माझ्या बुटावर का बसलंय?"

आठवडाभरात अर्विडच्या ताटातला मांसाचा शेवटचा तुकडा रोज टेबलाखाली नाहीसा व्हायला लागला. इंगा बघायची आणि बघितलं नाही असं दाखवायची. उन्हाळ्यात एके दिवशी अर्विड गॅरेजमध्ये गेला, डबा उपडा केला, मला खिळ्यांतून वेचून काढलं, शर्टाला पुसलं आणि इंगाच्या हातात दिलं.

"दोन गोष्टी," तो म्हणाला. "थंडीत ही आत घालायची, अंगाला लागून. नाहीतर गोठते. आणि वाजवायच्या आधी आपले पाय कुठे आहेत ते बघायचं."

"पाय?"

"कुत्रं तुझ्या पायांकडे येतं. जिथून गेलं तिथून नाही."

इंगानं टुलीचं नाव घेतलं नाही. त्यानंही नाही.

लेफ्साला 'ये' लगेच आलं, कारण त्यापाठोपाठ खाऊ यायचा. 'थांब' काही येईना. लांब सूर काढला की ती खाली बसायची, पुन्हा उठायची, फुलपाखरू बघायची, मागच्या पायानं कान खाजवायची, आणि कधीकधी बसूनही राहायची. सुगीपर्यंत अंगणात तिचं इतपत जमलं होतं. अंगणात.

तर तो शनिवार. हंगामाचे शेवटचे दिवस. लेफ्सा वर्षाची व्हायची होती. सकाळी ती अंगणात बर्फ काढायच्या फावड्यावर भुंकत होती. इंगानं मला तोंडात धरून तुटक तुटक वाजवलं.

"चल गं बाई, तुझ्या पाया पडते," इंगा म्हणाली.

अर्विड गाडीत बसला होता. काच खाली करून म्हणाला, "शिट्टीला येत नाहीये ती."

"येते हो. विचार करून येते."

लेफ्सा आली. इंगानं मला तशीच ओली, स्वतःच्या थुंकीनं भरलेली, बाहेरच्या खिशात टाकली.

"आत घाल," अर्विड म्हणाला.

"छातीला चटका बसतो हो, बाबा. नुसता बर्फ लागतो."

"बरं."

अर्विड एखादी गोष्ट पुन्हा सांगत नाही. पुन्हा सांगायची वेळ आली की तो खिडकीबाहेर बघतो. तो खिडकीबाहेर बघू लागला. मी माझ्या खिडकीतून बघू लागले. दोघंही आपापल्या जागी खूश, असं मला वाटलं.

आधी एकदोन ठिकाणी बघितलं. सगळीकडे बुटांचे ठसे, कुत्र्यांचे ठसे, रिकामी काडतुसं, आणि पक्षी नाहीत. उघड्या गवतातला आसरा बर्फाखाली गेला की फेजंट पाणथळीत शिरतात, माणसाच्या डोक्याइतक्या उंच पाणकणसांत. तशी पाणकणसं जवळपास एकाच तळ्याभोवती होती. इंगानं गाडी हळू केली.

"तिकडे नको असेल तर राहू दे, बाबा."

"पक्षी कुठे असतील?"

"तिकडेच."

"मग? तळं काही माझं नाव घेऊन बसलेलं नाही."

पण हाल्वरसनच्या तळ्याची पाटी आली तेव्हा त्यानं बिया चघळणं थांबवलं. मला खिशातून ते ऐकू आलं. म्हणजे ऐकू येणं बंद झालं.

त्यांनी दारं कमरेनं लावली. लेफ्साच्या गळ्यातली घंटी काढली. ठरलं ते असं की इंगानं कुत्री घेऊन पश्चिमेकडून पाणकणसांतून चालत यायचं आणि अर्विडनं पूर्वेच्या बांधावर बादली उपडी टाकून बसायचं, म्हणजे पळणारे पक्षी त्याच्या अंगावरून उडतील. त्याच्या कमरेतला सांधा बदललाय, त्याला चालणं जमत नाही.

"गारठलात तर?" इंगा कुजबुजली.

"गारठलो तर तिथंच असेन." मग जाता जाता वळून, अगदी हळू आवाजात, "काठाकाठानं. मधे पाणउंदरांचं घर आहे, त्याच्याभोवती बर्फ धरत नाही. खालून ते सारखे ये-जा करतात. शिट्टी नाही."

"माहितीय."

"वाजली तर मी समजेन, कुणीतरी पाण्यात आहे."

हे तो ज्या सुरात बोलला त्याच सुरात तो चहात साखर नको म्हणून सांगतो.

आम्ही निघालो. पाणकणसं अंगाला घासून सरसरत होती, त्यांची कापसासारखी म्हातारी इंगाच्या टोपीवर, भुवयांवर बसत होती. पायाखाली कुठे बर्फ, कुठे गोठलेला चिखल, कुठे पोकळ. पोकळ असलं की इंगा श्वास धरायची. मी कोटाला चिकटून होते, मला तिच्या बरगड्या थांबलेल्या कळायच्या. तळंही मधूनच कण्हायचं. लांबून सुरुवात व्हायची आणि आमच्या खालून निघून जायची, घरात कुणी वरच्या मजल्यावर जड पेटी ओढावी तशी. लेफ्सा दर वेळी कान टवकारून इंगाकडे बघायची. इंगा हसून दाखवायची. ते हसू बघून मला जास्त भीती वाटायची.

एकदम दोन माद्या पायातून उडाल्या. इंगाची बंदूक अर्ध्यावर आली आणि खाली गेली. मग पार पुढे, बंदुकीच्या पल्ल्याबाहेर, चारपाच नर एकापाठोपाठ एक निघून गेले, काहीही न बोलता. बेरके. आणि मग लेफ्सा थांबली. नाक खाली, एक पाय वर, शेपटी ताठ. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. तिच्या पुढ्यातून नर उडाला, कर्कश ओरडत, आणि इंगानं गोळी झाडली. तो पंख मोडून पडला, पडताच उठला आणि धावत सुटला.

जखमी पक्षी सोडून यायचं नाही, हे आमच्या माणसांच्या हाडात आहे. इंगा हलकेच म्हणाली, "आण."

लेफ्सा गेली. पाणकणसांची एक पट्टी काठापासून निघून विळ्यासारखी वळत तळ्यात आत गेली होती. नर त्या पट्टीतून पळाला, लेफ्सा त्याच्या मागे. पट्टीतला बर्फ देठांनी घट्ट धरलेला होता, त्यानं तिला पेललं. इंगा मात्र दोघांवर नजर ठेवायला काठानं पुढे पुढे धावत आली. पाणकणसं संपली. समोर उघडं तळं. आणि तळ्यात, विळ्याच्या टोकाला, पाणउंदरांनी रचलेला काटक्या-चिखलाचा ढीग. ढिगावर लेफ्सा उभी. तोंडात नर. सगळं अंग आनंदानं हलत होतं.

तिच्या आणि आमच्या मधे नुसता काळा बर्फ होता. बर्फावर पांढरा थरही नव्हता. जिथे तो पातळ असतो तिथे तो असा काळा दिसतो, खालचं पाणी दिसतं म्हणून.

इंगानं पायांकडे बघितलं. मग लेफ्साकडे. मग पुन्हा पायांकडे. मला तेव्हा कळलं की तिला सगळं आठवतंय.

आता मागं फिरून चालायला लागावं तर लेफ्सा मागे येणार, सरळ. हात हलवला तरी येणार. इंगा ओरडली, "थांब." आवाज फाटला. लेफ्साला वाटलं, कौतुक चाललंय. तिनं एक पंजा ढिगावरून खाली, काळ्या बर्फावर ठेवला. बर्फानं बारीक आवाज केला. पंजा वर गेला. लेफ्सानं मान वाकडी करून बर्फाकडे बघितलं आणि पुन्हा आमच्याकडे.

इंगानं खिशात हात घातला आणि मला बाहेर काढलं. हातमोजा दातानं ओढून टाकला. मला ओठात धरून फुंकलं.

फुस्स.

फक्त वारा. सकाळची तिची थुंकी माझ्या पोटात गोठली होती आणि वाटाणा भिंतीला चिकटून बसला होता. खिडकीची जागा. आभाळ बघत बसले होते मी.

तिनं पुन्हा फुंकलं नाही, आणि का नाही ते मला कळलं. अर्धवट सुटलेला वाटाणा अडखळतो. लांब सूर काढायला जावं तर तो तुटक तुटक निघतो. आणि तुटक म्हणजे ये. इतकी वर्षं मी गोठायला घाबरले नव्हते. आताही मला गोठण्याची भीती नव्हती, अर्धंमुर्धं सुटण्याची होती. मी बोलले आणि माझा शब्द मधेच मोडला, तर लेफ्सा माझं ऐकेल. जन्मात पहिल्यांदा लगेच, विचार न करता ऐकेल.

इंगानं मला अख्खी तोंडात घातलं. पितळ तिच्या ओठाला चिकटलं, सालपट निघालं, तरी तिनं तोंड मिटूनच ठेवलं. आत कॉफीची चव होती, रक्ताची होती, आणि तिचे दात माझ्यावर कडकड वाजत होते. ती गुडघ्यांवर बसली, अगदी स्थिर, हात मांड्यांवर. श्वास नाकानं. नजर लेफ्सावर. तोंडात शिट्टी घेऊन गुडघ्यांवर बसलेली बाई, कुणी लांबून बघितलं असतं तर त्याला वाटलं असतं, प्रार्थना चाललीय. चुकलं नसतं त्याचं.

लेफ्सानं नर खाली ठेवला. पुन्हा उचलला. पुढे झुकली. पंजे खाली गेले, या वेळी दोन्ही. बर्फ वाकला. मी पाहिलं नाही, मी तोंडात होते, पण इंगाची जीभ ताठ झाली तेव्हा मला कळलं.

आणि तेव्हाच वाटाणा हलला. आधी ओल आली, मग तो सुटला, एकदा डगमगला. इंगानं जिभेनं मला हलकंच हलवलं, अंधारात कुणी दाराची कडी चाचपावी तसं. खुळ्ळ. आणखी एकदा. खुळ्ळ.

तिनं मला ओठात आणलं. मी मनात म्हटलं, तुटू नकोस. मी माझ्या पोचाला, वाटाण्याला, त्या मेलेल्या टुलीला, सगळ्यांना म्हटलं, आज तुटायचं नाही.

इंगानं फुंकलं, आणि मी बोलले. लांब. सलग. त्या तळ्यावर मी इतकी लांब कधी बोलले नव्हते. तिचा श्वास संपला, पण मी अखंड राहिले.

लेफ्सानं पंजे मागे घेतले आणि ढिगावर बसली.

इंगा उठली, मागे मागे चालत, नजर न काढता, काठानं परत वळसा घालू लागली. लेफ्सा उठायची. लांब सूर. बसायची. कान हलायचे. लांब सूर. एकदा तिला एक कावळा दिसला. मला तो कावळा अजून आठवतो, मी त्याला माफ केलेलं नाही. लांब सूर. तिनं कावळा सोडला.

विळ्याच्या मुठीशी आल्यावर इंगा पाणकणसांच्या पट्टीत शिरली, जिथून लेफ्सा गेली होती तिथून, तिच्या ठशांवरून. माणसाचं वजन लेफ्साचं नाही. बर्फ कण्हला. इंगा पोटावर झोपली, बंदूक काठावरच टाकून, आणि कोपरांवर सरपटत पुढे गेली. देठ विरळ झाले तिथे थांबली. आता ढीग समोर, आणि मधे फक्त पाणकणसं. तिनं मान वळवून आपले पाय बघितले. मग मला ओठात घेतलं.

खरं सांगते, तेव्हा मला पुन्हा गोठावंसं वाटलं. 'ये' म्हणायची हिंमत होईना.

तुटक. तुटक. तुटक.

लेफ्सा आली. शेपटी वर, नर तोंडात, आपल्याच ठशांवरून, जणू कुणी दोरी धरून आणतंय. अगदी शेवटी, हाताच्या अंतरावर, तिचा मागचा भाग खाली गेला. पाण्याचा आवाज झाला. पंजे बर्फावर खरवडले. मी तो आवाज ओळखते. इंगानं हात लांब केला, गळपट्ट्यात बोटं अडकवली, आणि तिच्या खालचाही बर्फ बसला. कोपर पाण्यात गेलं. आम्ही तिघी एक क्षण तिथंच राहिलो, कुणी वर नाही, कुणी खाली नाही.

मग कुणीतरी इंगाचे बूट धरले.

"सोडू नकोस," मागून आवाज आला, चहात साखर नको म्हणणारा. "मी ओढतो. हळू."

ओढत ओढत आम्ही काठावर आलो. अर्विड पोटावरून गुडघ्यावर आला, गुडघ्यावरून उठायला त्याला बराच वेळ लागला. लेफ्सा थरथर कापत होती. त्यानं आपला कोट काढून तिला गुंडाळलं. नर अजून तिच्या तोंडात होता. अर्विडनं हात पुढे केला तेव्हा तिनं तो त्याच्या हातावर ठेवला, टुली ठेवायची तसा. अर्विडनं तोंड फिरवलं. थोड्या वेळानं पुन्हा इकडे केलं.

गाडीत गरम हवा सोडली. इंगाचा ओठ सुजला होता. लेफ्सा दोघांच्या मधे, कोटात, फक्त नाक बाहेर. मी तिच्या शेजारी सीटवर, थुंकी आणि रक्तानं ओली.

"बाबा, तुम्ही इतक्या लवकर कसे आलात?"

"चालत."

"तुमच्यानं चालवत नाही."

"नाही," तो म्हणाला.

त्यानं बियांची पिशवी उघडली, तिच्यापुढे धरली. तिनं घेतल्या. लेफ्सानं कोटातून जीभ बाहेर काढली, तिलाही मिळाली एक. बादली बांधावरच राहिली. ती आणायला कुणी गेलं नाही.

हे सगळं होऊन आठवडा झाला. मला इंगानं उकळत्या पाण्यात घालून घासलं, फडक्यानं पुसलं आणि स्वयंपाकघरात, कॉफीच्या यंत्राशेजारी ठेवलं. इथे ऊब आहे. खिडकीही आहे. लेफ्सा येता-जाता मला हुंगते आणि तोंड चाटते, बहुतेक बियांच्या वासानं. मी त्याचा वेगळा अर्थ काढते.

हंगामाचा शेवटचा शनिवार आज आहे. दाराशी बूट मांडलेत. माझं मागणं मोठं नाही. मला खिडकी नको, आभाळ नको, बिया नकोत. तुम्हीही कुणी थंडीत कुत्रं घेऊन पाण्याकाठी जात असाल तर माझ्या बहिणींना अंधारात ठेवा, अंगाला लागून, जिथे काळजाचा ठोका ऐकू येतो. आमच्या पोटातला वाटाणा तुमच्याच उबेवर जगतो. आणि आम्हाला तोंडात धरायच्या आधी खाली बघा, आपण कुठे उभे आहोत ते.

इंगानं मला उचललं. दोरी गळ्यात घातली, स्वेटरचा गळा ओढला आणि मला आत सोडलं. ती शहारली, खांदे कानापर्यंत गेले.

"आई गं. बाबा, ही फार गार लागते हो."

अर्विड बुटाची नाडी बांधत होता. त्यानं मान वर केली नाही.

"पाणी जास्त गार असतं," तो म्हणाला.